बाळ गेलं, त्याआधी आईचं कोणी ऐकलं होतं का? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आयांबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. सहा वर्षांपूर्वी माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात पोटातच गेली. नंतर कोणीतरी बाळ गमावलेल्या आयांच्या एका गटाचा पत्ता दिला. एका ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही दर दुसऱ्या गुरुवारी जमायचो. आठ-नऊ जणी, त्यातल्या सहा कृष्णवर्णीय. आपलं सगळ्यांचं दुःख एकच, असं धरून मी गेले होते, आणि ते एकच होतं. पण त्या दुःखापर्यंत आम्ही ज्या वाटेनं आलो ती वाट एक नव्हती. बाळाची हालचाल मंदावली म्हणून मी फोन केला, तेव्हा नर्स म्हणाली, "आत्ताच्या आत्ता या." पोहोचल्यावर पाच मिनिटांत पोटावर बाळाचे ठोके मोजायचे पट्टे लागले. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं गेलं, तरी ती गेली. हे मी सांगितलं तेव्हा समोर बसलेली एक शिक्षिका माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुला लगेच बोलावलं?"

तिला दोनदा घरी पाठवलं होतं.

त्या संध्याकाळनंतर मी वाचत आले, विचारत आले. इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी, पुण्यातली मावशी, नुकत्याच इकडे आलेल्या मुली मला जे विचारतात त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

एवढी यंत्रं, एवढा पैसा, आणि तरी अमेरिकेत बाळं जातात?

जातात. २०२२ मध्ये इथे जन्मलेल्या दर १,००० बाळांमागे ५.६ बाळं वर्षाची होण्याआधी गेली. जपानमध्ये हाच आकडा दोनच्या आसपास असतो. पण ५.६ ही सरासरी आहे, आणि सरासरीत सगळं झाकून जातं. तीच आकडेवारी आईच्या वंशानुसार वेगळी केली, की गोऱ्या आयांची ४.५ बाळं गेलेली दिसतात आणि कृष्णवर्णीय आयांची १०.९. दुपटीहून जास्त. इथल्या मूळ रहिवासी जमातींच्या आयांचा आकडा ९.१ आहे, त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतही नाही. २०२२ हे वर्ष आणखी एका कारणानं लक्षात राहिलं: सुमारे वीस वर्षांत पहिल्यांदाच देशाचा अर्भकमृत्यू दर आदल्या वर्षापेक्षा वाढला.

यात पोटात गेलेली बाळं धरली आहेत का?

नाहीत. जिवंत जन्मून वर्षाच्या आत गेलेल्या बाळाला अर्भकमृत्यू म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर पोटातच गेलेलं बाळ इथे उपजतमृत्यूत मोजतात. अशी सुमारे २१,००० बाळं दर वर्षी अमेरिकेत जातात, म्हणजे साधारण १७५ बाळंतपणांमागे एक. माझी मुलगी त्यांतली. इथेही कृष्णवर्णीय आयांचं प्रमाण गोऱ्या आयांच्या दुप्पट आहे.

गरिबी हेच खरं कारण नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि मलाही आधी तसंच वाटायचं. गरिबीनं बाळं जातात, यात शंका नाही. पण गरिबी वजा केली तरी फरक उरतोच.

१९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फक्त अशी जोडपी घेतली होती, जिथे आई-वडील दोघंही पदवीधर. गोऱ्या पदवीधरांची दर हजारी ५.४ बाळं गेली, कृष्णवर्णीय पदवीधरांची १०.२. तीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी आणि आयकराच्या नोंदी जोडून पाहिल्या, तेव्हा याहून कठोर गोष्ट समोर आली: सगळ्यात श्रीमंत कृष्णवर्णीय आयांची बाळं सगळ्यात गरीब गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षा जास्त प्रमाणात जात होती.

आमच्या गटात एक वकीलबाई होत्या. चांगला विमा, चांगलं घर, नवरा इंजिनियर. त्या एकदा म्हणाल्या की हॉस्पिटलला जाताना मी मुद्दाम कोर्टात जायचे कपडे घालायचे, म्हणजे निदान माझं नीट ऐकून घेतील. कळा येत असताना कपाटापुढे उभं राहून कोणते कपडे घालू याचा विचार करणं मला कधी सुचलंही नसतं.

मग काहीतरी आनुवंशिक असेल?

हाही प्रश्न डॉक्टरांनी फार पूर्वी विचारला आणि त्याचं उत्तर शोधलं. १९९७ मध्ये रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मांची तुलना केली. आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या आया, इथेच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आया आणि इथेच जन्मलेल्या गोऱ्या आया. दोष रक्तात असता, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बायकांची बाळं सगळ्यात कमी वजनाची निघायला हवी होती. निघालं उलटंच. गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून आलेल्यांच्या बाळांचं ३,३३३ आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचं ३,०८९.

त्याच संशोधकांनी पुढे पाहिलं की आफ्रिकेतून आलेल्या बायकांच्या मुली इथे वाढल्या, त्यांना मुलं झाली, तेव्हा वजनातली ही आघाडी टिकली नाही. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदललं होतं ते आयुष्य.

आयुष्य बदललं म्हणजे नेमकं काय?

आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेनं १९९२ च्या सुमारास यासाठी जो शब्द वापरला त्याला मराठीत 'झीज' म्हणता येईल. ऊन-पावसात उभं असलेलं दार झिजतं तशी. दुकानात पाठीमागून फिरणारा पहारेकरी, घर भाड्यानं मिळताना येणाऱ्या अडचणी, रात्री मुलगा घरी येईपर्यंत जीव टांगणीला. यातली एकेक गोष्ट शरीर सोसतं. पण ताणाची संप्रेरकं वर्षानुवर्षं चढलेली राहिली की रक्तदाब वाढतो, दाह वाढतो, शरीर वयाच्या आधी थकतं. सर्वसाधारणपणे विशीच्या आरंभापेक्षा किशोरवयातलं बाळंतपण जोखमीचं मानतात. कृष्णवर्णीय मुलींत मात्र वय वाढेल तसा धोका वाढताना जेरोनिमसना दिसला. तिथून त्यांचा विचार सुरू झाला.

बाळाच्या बाबतीत या झिजेचा परिणाम बहुधा एकाच जागी दिसतो: दिवस भरण्याआधी बाळंतपण. २०२२ मध्ये कृष्णवर्णीय आयांची १४.६ टक्के बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, गोऱ्या आयांची ९.४ टक्के. खूप लवकर आलेली, खूप कमी वजनाची बाळंच सर्वांत जास्त जातात.

हॉस्पिटलमध्ये मुद्दाम वाईट वागवतात का?

मुद्दाम असं फार थोडे वागत असतील. मला भेटलेल्या नर्स बहुतेक मायाळू होत्या, आणि आमच्या गटातल्या बायकाही तेच सांगायच्या. म्हणूनच हे समजायला अवघड जातं.

२०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली गेली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, अशा प्रकारची. साधारण निम्म्यांना त्यांतलं किमान एक खोटं विधान खरं वाटलं. ज्यांना अशी विधानं खरी वाटली ते कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेला कमी गुण देत होते. आता हाच डॉक्टर रात्री दोन वाजता कळा मोजतो आहे, अशी कल्पना करा. त्याच्या मनात द्वेष नाही. "तिला तेवढं दुखत नसावं," एवढंच त्याला वाटतं.

यंत्रंही निर्दोष नाहीत. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र कोविडनंतर आपल्या घराघरांत पोहोचलं. गडद त्वचेच्या रुग्णांत रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असतानाही ते यंत्र 'ठीक' दाखवण्याची शक्यता गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट असते, हे २०२० मध्ये पुढे आलं. आणि कोणाचं बाळंतपण कुठे होतं यालाही महत्त्व आहे: देशातल्या कृष्णवर्णीय आयांची सुमारे तीन चतुर्थांश बाळंतपणं एक चतुर्थांश हॉस्पिटलांत होतात. सरासरीनं पाहिलं तर याच हॉस्पिटलांत बाळंतपणातल्या गंभीर गुंतागुंती जास्त आढळतात.

ट्रेसी मॅकमिलन कॉटम या नावाजलेल्या समाजशास्त्रज्ञ आहेत. चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला तेव्हा काय घडलं हे त्यांनी २०१९ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं. त्यांनी मुद्दाम शहराच्या सुखवस्तू भागातला दवाखाना निवडला होता. तिथे त्यांना ताटकळत बसवलं, मग वजन जास्त आहे म्हणून असं होत असेल, असं सांगून घरी पाठवलं. पुढचं दुखणं पोट साफ नसल्यावर ढकललं गेलं. प्रत्यक्षात त्या तीन दिवस कळा देत होत्या. मुलगी जन्मली आणि लगेच गेली. त्यानंतर नर्सनं त्यांना ऐकवलं की कळा सुरू आहेत हे तुम्ही सांगितलंच नाही, म्हणून आम्हाला काही करता आलं नाही.

ही कहाणी वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण हे शब्द मी तळघरात ऐकले होते. वेगळ्या बाईच्या तोंडून, वेगळ्या हॉस्पिटलबद्दल. माझी मुलगी वाचली नसती, हे मला माहीत आहे. नाळेचा गुंता झाला होता, तो कोणाला सोडवता आला नसता. या माहितीवर मी रात्री झोपते. गटातल्या त्या शिक्षिकेला हे कधीच कळणार नाही. पहिल्या खेपेला तिला ठेवून घेतलं असतं तर? हा प्रश्न तिनं आयुष्यभर उशाशी घेऊन झोपायचा.

हे आजचंच आहे की जुनं?

जुनं. अमेरिकेत ज्यांना स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हटलं गेलं त्या जे. मेरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्यांतल्या तिघींची नावं नोंदली गेली आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. पुढे दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीय सुइणी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करत, त्यांनाही विसाव्या शतकात परवान्यांच्या नियमांनी हळूहळू बाजूला सारलं. घरात येणारी, ओळखीची, ऐकणारी बाई गेली. एक गोष्ट मला अजून पचत नाही: दोन्ही बाजूंचे मृत्यू शंभर-दीडशे वर्षांत कितीतरी पटींनी घटले, पण कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बाळांच्या मृत्युदरांचं गुणोत्तर गुलामगिरीच्या काळात, १८५० मध्ये होतं त्यापेक्षा आज मोठं आहे.

प्रसिद्ध, धडधाकट बायकांनाही हे चुकत नाही का?

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ४ × १०० मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकलेल्या चार अमेरिकन धावपटू आठवा. चौघी कृष्णवर्णीय, शरीर म्हणजे पोलाद. त्यांतल्या ॲलिसन फेलिक्सची मुलगी आईच्या धोकादायक रक्तदाबामुळे ३२ व्या आठवड्यात काढावी लागली. टियाना मॅडिसनला २६ व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. आणि टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरी एकटी असताना कळांतच गेली. चारांपैकी तिघी.

डॉक्टर कृष्णवर्णीय असेल तर बाळ वाचतं, असं वाचलं. खरं का?

जपून बोलावं असा हा विषय आहे. फ्लोरिडातल्या १९९२ ते २०१५ मधल्या जन्मांवरून २०२० मध्ये तसा निष्कर्ष निघाला आणि तो सगळीकडे गाजला. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. अत्यंत कमी वजनाची, दीड किलोच्या आतली बाळं वेगळी धरल्यावर तो फरक जवळजवळ उरला नाही. मी पहिल्या अभ्यासाबद्दल मंडळात मोठ्या आवाजात बोलले होते, म्हणून दुसऱ्याबद्दलही इथे लिहिते. आयांच्या बाजूनं बोलायचं तर आकडे खरेच लागतात.

आपली गणना 'एशियन'मध्ये होते आणि आपले आकडे चांगले आहेत. मग आपला काय संबंध?

अमेरिकेत २०२२ मध्ये आशियाई आयांचा अर्भकमृत्यूचा आकडा दर हजारी ३.५ होता, सगळ्यांत कमी. पण त्या एका शब्दात जपानी, व्हिएतनामी, बांगलादेशी, मराठी सगळ्या आल्या. इतर देशांत चित्र वेगळं दिसतं. ब्रिटनच्या अहवालांत कृष्णवर्णीय बाळांच्या उपजतमृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास असतं, आणि आशियाई बाळांचंही गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त. मेलबर्नमध्ये दक्षिण आशियात जन्मलेल्या आयांची बाळं दिवस भरता भरता पोटात जाण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून तिथल्या मोनॅश हेल्थनं २०१७ पासून या आयांच्या बाळांची जास्तीची तपासणी ४१ ऐवजी ३९ व्या आठवड्यापासूनच सुरू केली. तिथे कोणाची बहीण, भाची असेल तर तिला हे जरूर सांगा.

दुसरा संबंध जास्त जवळचा आहे. इथल्या हॉस्पिटलांत आपली माणसं डॉक्टर आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, विमा कंपन्यांत आहेत. जेवायच्या टेबलावर "त्या लोकांचं असंच असतं" हे वाक्य मी आपल्याच घरांतून ऐकलं आहे. तोच माणूस सकाळी पांढरा कोट घालून कामावर जातो.

आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात?

वंशाचा प्रश्न इथल्यासारखा नाही, पण कोणाचं बाळ जातं हे आपल्याकडेही जन्मानं ठरत आलं आहे. मेळघाट आणि गडचिरोलीच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन घ्यायच्या, श्वास मोजायच्या, आई काय सांगते ते ऐकायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच इंजेक्शन द्यायच्या. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असं १९९९ मध्ये जगापुढे आलं. माझी आजी म्हणायची, पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते, ते चुकत नाही. आजीची पहिली दोन मुलं गेली होती, तिला तो आधार हवा होता, तो मी काढून घेणार नाही. पण ३९ गावांतल्या सटवाईचं लिहिणं एका तराजूनं आणि एका इंजेक्शननं बदललं.

इथे काही सुधारतंय का?

थोडं. अमेरिकेतली दहापैकी चार बाळंतपणं मेडिकेड या सरकारी विम्यावर होतात. पूर्वी तो विमा बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपायचा. २०२१ च्या कायद्यानं राज्यांना तो वर्षभर चालू ठेवायची मुभा मिळाली आणि बहुतेक सगळ्या राज्यांनी ती घेतली. आयोवा राज्यात मुली गमावलेल्या पाच आयांनी पोटातल्या बाळाच्या लाथा मोजायची मोहीम काढली. पहिल्या दहा वर्षांत राज्यातलं उपजतमृत्यूचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी उतरलं. त्या पाच जणींना मी भेटलेली नाही, पण त्यांची मनोमन ऋणी आहे. उलट मिसिसिपीत २०२४ चा अर्भकमृत्यूचा आकडा दर हजारी ९.७ वर गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याला सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली.

बाळाची हालचाल कमी वाटली तर काय करू?

लगेच फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका. गोड खा, गार पाणी पी, डाव्या कुशीवर झोप, हे सगळं प्रेमानं सांगितलं जातं, पण त्यात तास जातात. "शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते, बाळ हलत नाही" हे खरं नाही. हालचालीचा प्रकार थोडा बदलेल, पण ती मंदावता कामा नये. २८ व्या आठवड्यापासून रोज ठरावीक वेळी मोजा, म्हणजे तुमच्या बाळाची सवय तुम्हाला कळेल. घरी ठोके ऐकायचं यंत्र घेऊन स्वतःची समजूत घालू नका. ठोके ऐकू आले तरी बाळ संकटात असू शकतं.

फोनवर टाळाटाळ झाली तर तसंच जा. तिथे तपासणी नाकारली तर शांतपणे म्हणा, "मी तपासणी मागितली आणि तुम्ही ती नाकारली, हे माझ्या नोंदीत लिहा." हे वाक्य मला गटातल्या बस चालवणाऱ्या एका बाईनं शिकवलं. तिच्या दुसऱ्या खेपेला ते उपयोगी पडलं. तिचा मुलगा आता चार वर्षांचा आहे.

बाळंतपणानंतरही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणं, छातीत दुखणं, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव यांपैकी काहीही झालं तर तडक जा.

बाळ गेल्यावर हॉस्पिटलमध्ये कशाची मागणी करावी?

त्या वेळी डोकं चालत नाही, म्हणून सोबतच्या माणसानं हे वाचून ठेवावं. बाळाला हवा तितका वेळ जवळ घेऊ द्या, असं सांगा. हातापायांचे ठसे, जावळाची एखादी बट, फोटो मागा. आज नको वाटलं तरी घेऊन ठेवा. वार तपासायला पाठवा, आणि मन झालं तर बाळाचंही शवविच्छेदन करून घ्या. पुढच्या खेपेला हीच माहिती कामाला येते. बहुतेक राज्यांत पोटात गेलेल्या बाळाच्या जन्माचा दाखला मागितल्यावर मिळतो.

आणि पान्हा. त्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं आणि मी न्हाणीघरात खाली बसले. ते कसं थांबवायचं हे आधीच विचारून घ्या. काही आया ते दूध पेढीला देतात, इथल्या अनेक दूधपेढ्या ते घेतात. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला इथे आल्यावर कळलं. दूध असं देता येतं हे आधी माहीत असतं तर मी दिलं असतं.

मैत्रिणीचं बाळ गेलं. तिच्याशी काय बोलू?

"पुन्हा होईल," "तू अजून तरुण आहेस," "देवाची इच्छा," यातलं काही बोलू नका. तू काय खाल्लंस, कुठे गेली होतीस, हेही नको. ती स्वतःला ते रोज विचारतेच आहे. डबा द्या आणि परत येताना रिकामा डबा मागू नका. नवऱ्याशीही बोला. त्याला सगळे फक्त "तिची काळजी घे" म्हणतात. मैत्रीण कृष्णवर्णीय असेल आणि "माझं ऐकलं नाही" म्हणाली, तर हॉस्पिटलची बाजू मांडू नका. ऐका.

बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते विचारा आणि पुढे बोलताना वापरा. तारीख लिहून ठेवा, वर्षानं त्या दिवशी फोन करा. मला दर वर्षी त्या तारखेला पहिला फोन त्या शिक्षिकेचा येतो. मराठी नाव तिला आधी म्हणता येत नव्हतं, आता येतं.